पेडल तुम्ही काढलंत, क्लच मात्र गिऱ्हाइकाच्या नावावर

प्रति,
छोट्या कौटुंबिक गाड्या ऑटोमॅटिक गिअरसह बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे विक्री व सेवा विभागप्रमुख

स. न. वि. वि.

माझं गॅरेज पुणे-सातारा हायवेला सुरूर फाट्याजवळ आहे. पुण्याकडून येणारी गाडी खंबाटकीचा घाट चढून-उतरून इथे येते, आणि वाई-पाचगणीला जाणारी इथूनच वळून पसरणीच्या घाटाला लागते. त्यामुळे माझ्या दारात येणारी गाडी एक तर नुकताच घाट पार करून आलेली असते, नाही तर घाटात गचकून टोइंगच्या हुकाला लटकून आलेली असते. तीस वर्षं हेच काम करतोय. आधी एस. टी. डेपोत उमेदवारी केली, मग स्वतःची शेड टाकली. पत्र लिहायची सवय नाही. पण गेल्या मे महिन्यात एक गाडी आली आणि तेव्हापासून हे मनात घोळतंय.

एक आधीच सांगतो. माझ्या दारात आलेल्या ज्या गाड्यांच्या तक्रारी सांगणार आहे त्या कोणत्या कंपनीच्या, ते लिहिणार नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही, आणि खरं सांगायचं तर बोनेट उघडल्यावर तुमच्यात फारसा फरकही उरत नाही.

तर मे महिना, रविवार, दुपारचे साडेबारा. पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागलेली. फोन आला, "आमची गाडी मागे येतेय हो!" मी मोटारसायकल काढली. वळणावर एक छोटी उंच गाडी, पाच माणसं आणि डिकीत पाहुण्यांकडे न्यायचं सामान. मागच्या चाकाला कोणीतरी दोन दगड लावलेले. आत एक आजी देवाचं नाव घेत बसलेल्या. चालवणारे होते त्यांचे यजमान, निवृत्त शाळामास्तर. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मुलाने हौसेने ऑटोमॅटिक घेऊन दिलेली. मीटरवर गिअरच्या जागी 'एन', म्हणजे न्यूट्रल, लुकलुकत होता आणि तो वास येत होता. तुमच्यापैकी ज्यांनी कधी हाताने काम केलंय त्यांना माहीत आहे कोणता वास. क्लचच्या जळक्या लायनिंगचा. एकदा नाकात बसला की दिवसभर जात नाही, जेवणाच्या ताटापर्यंत येतो.

गाडी थोडी थंड होऊ दिली, मॅन्युअलला टाकून पहिल्या गिअरमध्ये कशीबशी वळवली, उताराला लावली आणि खाली आणली. वॉरंटीत होती, तेवीस हजार किलोमीटर फक्त. मी मास्तरांना म्हटलं, मी हात लावत नाही, तुम्ही अधिकृत सेंटरलाच न्या. त्यांनी नेली.

दोन महिन्यांनी तेच मास्तर, तीच गाडी, माझ्या दारात. तोवर क्लचचा सगळा सेट बदलून झालेला. स्वतःच्या खिशातून, कारण क्लच ही झिजणारी वस्तू, वॉरंटीत बसत नाही. आणि तरीही सिग्नलला उभी राहिली की थरथरते, निघताना हिसका देते, कधी कधी दुसरा गिअर पडायच्या ऐवजी न्यूट्रलला जाते. मास्तरांनी पिशवीतून जॉब कार्ड काढलं. वर तक्रार लिहिलेली होती, आणि खाली निदानाच्या रकान्यात दोन शब्द होते: 'कस्टमर एज्युकेटेड'.

ग्राहकाला शिकवून पाठवलं! चौतीस वर्षं वर्गात खडू धरलेल्या माणसाला. मास्तर हसून म्हणाले, "अहो, मला त्यांनी सांगितलं की तुमची चालवण्याची पद्धत चुकीची आहे, तुम्ही क्लच जाळलात. मी विचारलं, क्लच कुठे आहे तो दाखवा तरी. माझ्या गाडीत तर दोनच पेडल आहेत."

साहेब, हे सगळं पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

गाडी मी उचलली. गिअरबॉक्स खाली उतरवला. क्लचची नवी प्लेट दोन महिन्यांत पुन्हा काळीनिळी, फ्लायव्हीलवर निळे डाग, हाउसिंगमध्ये काळी भुकटी. पण खरी गोष्ट तिथे नव्हती. या गाडीत पायाऐवजी क्लच दाबणारा जो भाग असतो तो अ‍ॅक्च्युएटर. अ‍ॅक्च्युएटरच्या तेलाची पातळी खाली होती आणि एका जोडाजवळ बोट फिरवलं तर ओलं लागलं. थेंब पडेल इतकी गळती नाही, नुसतं पाझरणं. धूळ बसून तिथे चिकट काळा थर झाला होता, म्हणून वरून दिसत नव्हतं. आता या जातीच्या गाडीत क्लच सोडवायला तेलाचा दाब लागतो. दाब पुरता मिळाला नाही तर क्लच पूर्ण सुटत नाही. म्हणजे मास्तर सिग्नलला शहाण्यासारखा ब्रेक दाबून उभे होते, आणि आत प्लेट घासतच होती. त्यांनी जगातलं सगळ्यात चांगलं ड्रायव्हिंग केलं असतं तरी ती जळालीच असती.

मी त्यांना विचारलं, "पहिली जळकी प्लेट तुम्हाला दाखवली का?" नाही. "कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड छापून दिले का?" नाही. "अ‍ॅक्च्युएटरचं तेल बघितल्याचं कुठे लिहिलंय का?" जॉब कार्ड उलटसुलट करून पाहिलं. गाडी धुतल्याचं लिहिलं होतं.

आता जे वाचक गिअरबॉक्सवाले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगतो, कारण तुमच्या शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही. 'ऑटोमॅटिक' हा एकच शब्द लावून तुम्ही चार वेगवेगळी यंत्रं विकता.

पहिलं हे मास्तरांच्या गाडीतलं, ज्याला एएमटी म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन म्हणतात. आपल्याकडे सर्वसामान्यांच्या गाडीत ऑटोमॅटिक आली ती याच्यामुळे. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ गाडी या गिअरबॉक्ससह आली, त्यातली यंत्रणा इटलीच्या मॅग्नेटी मारेलीची, आणि त्याच वर्षी टाटांच्या झेस्टमध्ये डिझेलवरही आली. कल्पना हुशारीची आहे, यात शंका नाही. गिअरबॉक्स तोच, साधा, हाताने टाकायचा. क्लचही तोच, एका कोरड्या प्लेटचा. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला पायाहाताऐवजी एक छोटा पंप, विजेवर उघडझाप करणारे काही सोलेनॉइड व्हॉल्व्ह, दाब साठवणारा मुठीएवढा गोळा आणि वर एक कॉम्प्युटर. काही गाड्यांत तेलाऐवजी विजेच्या मोटर असतात. स्वस्त, मायलेज चांगलं. बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की बोनेटखालून 'घुर्र' असा बारीक आवाज येतो ना, तो हाच पंप दाब भरून ठेवतो. लोक घाबरून येतात, मी सांगतो की तो आवाज आला तर बरं, नाही आला तर या. आणि दर अर्ध्या मिनिटाला येऊ लागला तर लगेच या, कारण मग गोळ्यात दाब टिकत नाही किंवा कुठे तरी गळतंय.

या गाडीत पार्किंगचा गिअर बहुतेकांत नसतो. डावीकडची दांडी आर, एन, डी आणि मॅन्युअल. सवयीने लोक एनमध्ये टाकून चावी काढतात आणि हँडब्रेक विसरतात. वाईच्या बाजारात उतारावर अशी एक गाडी भाजीच्या हातगाडीला जाऊन टेकलेली मी पाहिली आहे. टोमॅटोवर भागलं.

दुसरं, टॉर्क कन्व्हर्टर. हा जुना आणि दणकट प्रकार. इंजिन आणि गिअर यांच्यात प्लेट नाही, तेल असतं. घाटात रांगताना घासायला काही नाही, जी उष्णता होते ती तेलात जाते. कौटुंबिक गाड्यांत अर्टिगाला आधी चार गिअरचा होता, २०२२ मध्ये सहाचा आला. याचं दुखणं बहुतेक वेळा तेलाचं. ते ताजं असताना लालचुटुक, स्वच्छ. म्हातारं झालं की तपकिरी आणि करपलेल्या वासाचं. मग गिअर उशिरा पडणं, साठ-सत्तरच्या वेगाला रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर. पुस्तिकेत काही जण या तेलाला 'लाइफटाइम' म्हणतात. कोणाचं लाइफ, ते लिहीत नाहीत. माझा अंदाज आहे वॉरंटीचं.

तिसरं सीव्हीटी: दोन पुली आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा, गिअर असे नाहीतच. गाडी लोण्यासारखी चालते, चढाला मात्र आवाज आधी आणि वेग मागून. याला याचंच तेल लागतं. टॉर्क कन्व्हर्टरचं लाल तेल यात ओतलं की पट्टा घसरायला लागतो आणि गुंगुं आवाज सुरू होतो. हे पाप आमच्या बिरादरीतले करतात, तुमच्या माथी मारणार नाही. २०१९च्या सांगलीच्या पुरानंतर दोन सीव्हीटी माझ्याकडे आल्या, तेलात पाणी जाऊन दुधी गुलाबी झालेलं. एक वाचली.

चौथं, दोन क्लचचा गिअरबॉक्स. एक क्लच एक-तीन-पाच सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा. त्यात पुन्हा तेलात बुडलेले ओले आणि तेलाविना चालणारे कोरडे. कोरडा म्हणजे काय, तर वर एएमटीचं जे दुखणं सांगितलं ते दुप्पट.

ही चार यंत्रं चार तऱ्हेने चालवायची आहेत, चार तऱ्हेने जपायची आहेत. आणि शोरूममध्ये गिऱ्हाइकाला काय सांगितलं जातं? "डीमध्ये टाका आणि विसरून जा." मी स्वतः भाचीबरोबर गाडी बघायला गेलो होतो, तेव्हा माझ्या कानांनी ऐकलंय. तो पोरगा बिचारा तीन महिन्यांपूर्वी मोबाइल विकत होता, त्याची काय चूक.

आता मुद्द्याचं. मॅन्युअल गाडी शिकवताना मोटर ड्रायव्हिंग स्कूलवाला पहिल्या दिवशी काय सांगतो? हाफ क्लचवर गाडी धरू नको. चढाला क्लच-अ‍ॅक्सिलेटरवर झुलवत ठेवू नको, हँडब्रेक घे. साऱ्या महाराष्ट्राला हे पाठ आहे. एएमटीमध्ये ब्रेकवरचा पाय जरा सैल केला की गाडी आपोआप रांगायला लागते. लोकांना ते फार आवडतं. पण ते रांगणं म्हणजेच हाफ क्लच आहे, फक्त तो कॉम्प्युटर धरतो. ब्रेक पूर्ण दाबलेला असेल तर क्लच सुटलेला असतो, प्लेट झिजत नाही. अर्धवट सोडून मुंगीच्या पावलाने पुढे सरकत राहिलं की झिजते. आणि चढाला ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलेटरच्या जोरावर गाडी उभी ठेवली की दहा मिनिटांत धूर निघतो. खंबाटकीत सुट्टीच्या दिवशी गाड्या थांबल्या की मला शेडमध्ये बसून कळतं, संध्याकाळपर्यंत किती फोन येणार.

हे गिऱ्हाइकाला कोणी सांगितलं पाहिजे होतं? ज्याने पेडल काढलं त्याने. तुमच्या जाहिरातीत बाई गालावर हात ठेवून ट्रॅफिकमध्ये निवांत बसलेली असते. आणि प्लेट जळाल्यावर तुमचंच सेंटर म्हणतं, ट्रॅफिकमध्ये असं बसायचं नसतं.

मी काही तुमच्यावर एकतर्फी घसरत नाही. गिऱ्हाईकही कमी नाही. पुस्तिका प्लास्टिकमधून बाहेर काढत नाही. घाटउताराला मायलेजच्या नादात एनमध्ये टाकतो. पाच जणांच्या गाडीत सात बसवतो. बॅटरी मरायला टेकली तरी 'अजून सेल्फ मारतेय' म्हणून वर्षभर ओढतो, आणि या गाड्यांत व्होल्टेज पडलं की गिअरचा कॉम्प्युटर आधी बावचळतो. पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये घर करतात, वायरी कुरतडतात, त्याला कंपनी काय करणार.

आणि मीही धुतल्या तांदळासारखा नाही. पहिली एएमटी माझ्याकडे आली तेव्हा मी छाती फुगवून प्लेट बदलली. गिअरबॉक्स चढवला, बोल्ट आवळले, चालू केली. गाडी बेडकासारखी उड्या मारू लागली. मला माहीतच नव्हतं की नव्या प्लेटचा पकडबिंदू कुठे आहे हे स्कॅनर लावून कॉम्प्युटरला शिकवावं लागतं, त्याला लर्निंग म्हणतात. माझ्याकडे तो स्कॅनर नव्हता. गाडी टो करून सेंटरला पाठवली, पैसे मी भरले. तिथल्या पोरांनी वीस मिनिटांत केलं आणि मला चहा पाजला. चांगली पोरं होती. म्हणून म्हणतो, तुमच्या सेंटरमधल्या मेकॅनिकशी माझं भांडण नाही. तो हाताने काम करतो, त्याला खरं काय ते दिसतं. भांडण आहे ते काउंटरवरच्या त्या वाक्याशी: 'नॉर्मल आहे, या गाडीचं कॅरॅक्टरिस्टिकच आहे.' आणि त्या वाक्याने भागलं नाही तर पुढचं: 'तुमची चालवण्याची पद्धत.'

हे दुसरं वाक्य फक्त सातारा जिल्ह्यातलं नाही, बरं का. ऑस्ट्रेलियात फोर्डने फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टमध्ये पॉवरशिफ्ट नावाचा दोन कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स दिला होता. लोक तक्रार घेऊन यायचे की गाडी थरथरते, मध्येच ताकद जाते. त्यांना अनेकदा सांगितलं गेलं की तुमच्या चालवण्यामुळे होतंय, आणि कंपनीला तर गिअरबॉक्समधले दोष माहीत होते. तिथल्या ग्राहक आयोगाने प्रकरण कोर्टात नेलं आणि २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. तो गाडीच्या दोषाबद्दलचा कमी आणि गिऱ्हाइकांना दिलेल्या वागणुकीबद्दलचा जास्त होता, हे लक्षात घ्या. आपल्याकडे इकोस्पोर्ट पेट्रोल ऑटोमॅटिक आधी दोन क्लचचीच यायची. २०१७ च्या नव्या रूपात तिला टॉर्क कन्व्हर्टर मिळाला. म्हणजे कंपनीलाही कळलंच होतं.

चीनमध्ये २०१३ ला, ग्राहक दिनाच्या टीव्ही कार्यक्रमात फोक्सवॅगनच्या डीएसजी नावाच्या दोन क्लचच्या गिअरबॉक्सवर बातमी झाली आणि काही दिवसांत कंपनीने ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षाच्या शेवटी सात गिअरच्या कोरड्या डीएसजीचं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल घालायची मोहीम निघाली. कारण काय, तर उष्ण-दमट हवा आणि थांबत-थांबत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये त्या तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता. उष्ण, दमट आणि थांबत-थांबत. हे वाचून मला मुंबईचा पत्ता वाचल्यासारखं वाटलं. अमेरिकेत निसानने २००३ ते २०१० च्या सीव्हीटी गाड्यांची त्या गिअरबॉक्सपुरती वॉरंटी दहा वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवून दिली. म्हणजे मनात आलं की तुम्हाला जमतं. फक्त ते तुमच्या मनात येण्याआधी कोर्ट, टीव्ही किंवा हजारो माणसांचा दावा यावा लागतो.

आपल्याकडेही कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ कलम आलं. गाडीतल्या दोषामुळे पर्यावरणाला, आत बसलेल्यांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना इजा होऊ शकत असेल तर सरकार ती गाडी परत बोलवायला लावू शकतं. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत, सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना. पण गिअरची तक्रार आली की तुमचे लोक ती 'आरामा'च्या खात्यात टाकतात. हिसका बसतो, म्हणजे जरा गैरसोय. सुरक्षिततेचा प्रश्न नाही. त्यांना माझी विनंती आहे की मे महिन्यातल्या रविवारी पसरणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर उभं राहावं, गाडीत आजी आणि नातवंडं असावीत, मागे सहा इंचांवर भरलेली जीप असावी, आणि मीटरवर एन लुकलुकावा. मग सांगावं कोणतं खातं ते.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. भुईंजकडची एक नर्स, रात्रपाळीवरून येणारी. गाडी एनमधून डीमध्ये जाईना. सेंटरला दोन दिवस ठेवली, अंदाजपत्रक आलं ते अख्खा अ‍ॅक्च्युएटर बदलायचं. रक्कम ऐकून तिने गाडी विकायचा विचार केला होता. माझ्याकडे आणली. मी पोराला मागे उभं केलं आणि ब्रेक दाबला. "लागला का रे?" "नाही काका." ब्रेकचा दिवा लागत नव्हता. ब्रेक दाबलाय हे कॉम्प्युटरला कळल्याशिवाय तो गिअर टाकू देत नाही, बरोबरच आहे, सुरक्षिततेसाठी केलंय. पेडलवरचं बटण खराब होतं. काही शे रुपयांची वस्तू. बदललं, दिवा लागला, गिअर पडला. ती बाई बाकावर बसून रडली, मला कळेना काय करावं, मी पोराला पाणी आणायला पाठवलं.

सेंटरला हे कळलं नसेल असं मी म्हणत नाही. पण तिथे वेळ मोजून काम असतं, आणि आख्खा संच बदलणं हे शोधत बसण्यापेक्षा सोपं. शिवाय तुम्ही सुटे भाग देतच नाही. अ‍ॅक्च्युएटरमधलं एक सोलेनॉइड गेलं तर मला एक सोलेनॉइड हवं आहे. तुम्ही म्हणता, पूर्ण असेंब्ली घ्या. रिले गेला तर अख्खं वायरिंग. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोटारगाड्यांचंही क्षेत्र आहे. छान झालं. पण माझ्या बाकावर जे लागतं ते वेगळं आहे: कोडचा अर्थ, लर्निंगची रीत, तेलाचा नेमका प्रकार आणि तो एक सोलेनॉइड. ते मला आजही मित्राच्या मित्राकडून, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या धूसर फोटोतून मिळतं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. कोटेशनवर 'ऑटोमॅटिक' एवढंच न लिहिता चारपैकी कोणता गिअरबॉक्स ते लिहा, मराठीत लिहा. गाडी ताब्यात देताना हार, पेढे आणि फोटो होतात, त्यातली दहा मिनिटं घेऊन गिऱ्हाइकाला चढावर उभं करून दाखवा की इथे ब्रेक, इथे हँडब्रेक, असं केलंत तर प्लेट जळेल. क्लच किती झिजला याचा अंदाज बहुतेक कॉम्प्युटर आत ठेवतो. तो आकडा प्रत्येक सर्व्हिसला जॉब कार्डवर छापा, टायरची खोली छापता तसा. आठ हजार किलोमीटरलाच तो धावत सुटला असेल तर बघा तरी की चालवणाऱ्याचा दोष आहे का गळतीचा. पुस्तिकेत मागच्या पानावर 'कठीण परिस्थिती' म्हणून एक कोष्टक असतं: धूळ, घाट, ट्रॅफिक, उष्मा असेल तर तेल लवकर बदला. आमच्या जिल्ह्यात याशिवाय दुसरी परिस्थितीच नाही, तेव्हा ते कोष्टक पहिल्या पानावर आणा. जुना भाग काढला की तो गिऱ्हाइकाला हातात द्या. आणि जोवर क्लच कॉम्प्युटर दाबतोय तोवर निदान पहिल्या काही वर्षांत त्याच्या झिजेचा खर्च निम्मा तरी उचला. निम्मा म्हणतोय, कारण मला माहीत आहे, आमची माणसंही घाटात अ‍ॅक्सिलेटरवर झुलतात.

शेवटची एक, ती फुकट आहे. 'कस्टमर एज्युकेटेड' हा शिक्का बंद करा. काय शिकवलं ते लिहा. कोणत्या तारखेला, कोणी, काय. मग पुढच्या वेळी मास्तर जॉब कार्ड घेऊन आले की मलाही वाचता येईल आणि त्यांनाही.

मास्तरांची गाडी सध्या बरी आहे. गळका जोड बदलला, तेल भरलं, प्लेट नवी, लर्निंग माझ्या स्कॅनरने केलं. आता तो आहे माझ्याकडे, कर्ज काढून घेतलाय. मास्तर घाटात जाताना मॅन्युअलला टाकतात आणि पुढच्या गाडीपासून अंतर सोडून सरकतात. मागचे हॉर्न वाजवतात, ते लक्ष देत नाहीत. पहिल्या प्लेटचे पैसे परत मिळावेत म्हणून त्यांनी सेंटरला अर्ज दिला आहे, सुंदर अक्षरात, दोन प्रतींत. पोच मिळाली आहे, उत्तर नाही.

दुसरी जळकी प्लेट मी भंगारात दिलेली नाही. शेडमध्ये फळीवर आहे, तारीख आणि किलोमीटर खडूने लिहून. तुमच्यापैकी कोणी पाचगणीला मीटिंगसाठी वगैरे निघालात तर फाट्यावर थांबून बघून जा. सकाळी या. दुपारनंतर घाटातले फोन सुरू होतात, मग मी जाग्यावर सापडत नाही.

आपला,
एक गॅरेजवाला
सुरूर फाटा, ता. वाई, जि. सातारा